नव्या गुडघ्याची राखण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात शिक्षकाने अभ्यास, परीक्षा किंवा शिष्यवृत्ती यांवर बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. यंदा बोलण्याचा मान मला मिळाला तेव्हा मीही असाच एखादा विषय घेणार होतो. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात जे घडले ते आपल्यापुढे मांडल्यावाचून मला राहवत नाही. म्हणून आजचा माझा विषय आहे, सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा जंतुसंसर्ग आणि तो टाळण्याचे उपाय.

आपण म्हणाल, हा विषय डॉक्टरांचा, यात बी.ए., बी.एड. झालेल्या मास्तराचे काय काम? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी कोणत्याही औषधाचे नाव किंवा मात्रा सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. मी सांगणार आहे ते घरातल्या माणसांचे काम. ते काम करण्यात मी स्वतः चुकलो आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

आमच्या अम्मीचे वय तेव्हा ६४ होते. जुन्या नाशकातील आमचे घर दोन मजली, जिना अरुंद आणि उभा. सारे आयुष्य उकिडवे बसून भांडी घासण्यात, खाली बसून भाकऱ्या थापण्यात आणि तो जिना चढण्या-उतरण्यात गेले. शेवटची चार वर्षे तिला सजदा करता येत नव्हता, खुर्चीवर बसून नमाज पढत असे. पुढे जिनाही सुटला. माझ्या मुलीचे स्नेहसंमेलन याच सभागृहात झाले, परंतु घरापासून दहा मिनिटांवर असूनही आजी येऊ शकली नाही. तेव्हा आम्ही गुडघा बदलण्याचे ठरवले.

हा निर्णय आता आपल्याकडे नवलाईचा राहिलेला नाही. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. अमेरिकेत नाव कमावलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. रोज वर्तमानपत्रांत बातम्या येत होत्या. गुडघा बदलता येतो ही गोष्ट गावोगाव पोहोचली ती बऱ्याच अंशी त्या दिवसांत. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी तर आपल्या देशातील माणसांच्या गरजा पाहून ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गाच्या थोडी आवाक्यात आली. आज नाशिकमध्येही ती नित्य होते आणि बहुसंख्य रुग्ण बरे होऊन चालू लागतात. मी आपणास घाबरवण्यासाठी उभा नाही, हे आधीच स्पष्ट करतो. शंभर रुग्णांपैकी साधारण एकाला किंवा दोघांना जंतुसंसर्ग होतो. परंतु ज्या घरात तो होतो त्या घराला शेकड्याचा हिशेब काही दिलासा देत नाही.

आता मुळात हा संसर्ग इतका वाईट का? बोटाला कापले, पू झाला, औषध घेतले, बरे झाले, असे आपण नेहमी पाहतो. मग गुडघ्यालाच एवढे का जपायचे? डॉक्टरांनी मला हे समजावून सांगितले तेव्हा माझे डोळे उघडले.

आपल्या शरीरातील हाडामांसात रक्त खेळते. जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. औषधही रक्तावाटेच तेथे पोहोचते. नवा सांधा मात्र धातूचा आणि प्लॅस्टिकचा. त्यात रक्त नाही. त्याच्या पृष्ठभागावर जंतू एकदा बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. गोदावरीच्या घाटावर पाण्यातल्या पायऱ्यांवर बुळबुळीत शेवाळ धरते ना, तसाच हा थर. वरून कितीही पाणी वाहिले तरी ते शेवाळ निघत नाही, खरवडावेच लागते. सांध्यावरच्या थराचेही तसेच. शरीराचे शिपाई आणि औषध दोन्ही वरच्यावर फिरतात, आतले जंतू सुखरूप राहतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोन ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत ‘स्टॅफिलोकॉकस’ जातीचे जंतू टोचून पाहिले. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी वीस लाखांहून अधिक जंतू लागले. मग त्यांनी त्वचेत रेशमी दोऱ्याचा एक टाका घालून तोच प्रयोग केला. आता अवघे काहीशे जंतू पुरले. एक दोरा, आणि फरक जवळजवळ दहा हजार पटींचा! मग अख्खा धातूचा गुडघा म्हणजे जंतूंसाठी केवढी सोय झाली, याचा विचार आपणच करा.

हे जंतू कोठून येतात? बहुतेक वेळा आपल्याच अंगावरून. दहा निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांच्या नाकात हा स्टॅफिलोकॉकस गुपचूप राहत असतो आणि त्याचा त्यांना काही त्रासही होत नाही. उरलेले जंतू हातावरून, श्वासातून, हवेतल्या धुळीतून येतात.

या हवेतल्या धुळीचा पाठलाग एका माणसाने कसा केला ते सांगतो, कारण त्यात आपल्यासाठी एक धडा आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, म्हणजे सूतगिरण्यांच्या मुलखात, राइटिंग्टन नावाचे रुग्णालय आहे. पूर्वी ते क्षयरोग्यांसाठी होते. तेथे जॉन चार्नली या शल्यचिकित्सकाने १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये खुब्याचा नवा सांधा बसवण्यास सुरुवात केली. वाटीला प्लॅस्टिक, गोळ्याला पोलाद आणि दोन्ही हाडात घट्ट बसवायला दंतवैद्यांकडून उचललेले सिमेंट. आज जगभर होणाऱ्या शस्त्रक्रियांचा पाया तेथे घातला गेला. परंतु सुरुवातीला त्यांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सात जणांच्या सांध्यात पू होई. चांगला चालू लागलेला माणूस पुन्हा खाटेला खिळे. चार्नलींनी ही गोष्ट नशिबावर सोडली नाही. हॉवर्थ नावाच्या इंजिनिअरच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती एक बंदिस्त खोली उभारली आणि तीत गाळलेली हवा सोडली. डॉक्टरांच्या अंगावर खास झगे चढवले, त्यांचा श्वास नळीने बाहेर काढला. हातमोजे, कपडे, टाके घालण्याची रीत, सारे तपासले आणि सुधारले. १९७० च्या सुमारास संसर्गाचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही खाली आले. पुढे १९८२ साली ब्रिटनमध्ये आठ हजारांवर शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही साध्या हवेत शंभरी दीड आणि अतिशुद्ध हवेत शंभरी ०.६ असा फरक दिसला.

आता यावरून कोणी म्हणेल की सर्वांत महागडे यंत्र असलेले रुग्णालय गाठले की झाले. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी २९ शिफारशी केल्या. त्यात, आज शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक औषध दिले जाते अशा काळात, सांधे बदलण्यासाठी त्या खास हवेच्या यंत्राचा आग्रह धरू नये असे सुचवले आहे. भर कशावर आहे? रुग्णाने आधी साबणाने स्वच्छ आंघोळ करणे, केस वस्तऱ्याने न काढणे, प्रतिजैविक चीर देण्यापूर्वी योग्य वेळी देणे, हात नीट धुणे, अशा साध्या साध्या गोष्टींवर. चार्नलींचा खरा धडा यंत्राचा नाही. एकेक दार शोधून बंद करण्याचा आहे. त्यातली काही दारे रुग्णालयाच्या ताब्यात असतात, परंतु कितीतरी दारे आपल्या घरात असतात. ती कोणती हे क्रमाने पाहू.

प्रथम शस्त्रक्रियेपूर्वीची. गुडघ्याची शस्त्रक्रिया ही अपघातासारखी तातडीची नसते. चार वर्षे दुखणाऱ्या गुडघ्याला आणखी दोन महिने थांबता येते. हा वेळ म्हणजे आपल्या हातातले सर्वांत मोठे साधन.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणली पाहिजे. एका दिवसाची उपाशीपोटीची साखर पाहून भागत नाही. मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी असते. तिचा आकडा साडेसात-आठच्या वर असला तर पुष्कळ डॉक्टर थांबायला सांगतात. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री निदान चार आठवडे आधी बंद झाली पाहिजे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पडते. मिश्रीचे नाव मी मुद्दाम घेतले. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला तंबाखूत धरतच नाहीत, आणि डॉक्टरांनी विचारले तर ‘काही व्यसन नाही’ असे सांगतात.

किडलेला, पू झालेला दात आधी दाखवून घ्यावा. पायाच्या भेगा, बोटांमधील चिखल्या, गळू, लघवीची जळजळ, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना सांगावे. शरीरात कोठेही पू असला तर त्यातले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत प्रवास करू शकतात. गुडघ्यात दुखणे थांबवण्यासाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर ते केव्हा घेतले हेही सांगावे. त्यानंतर साधारण तीन महिने शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. रक्त कमी असेल, अंग खंगलेले असेल तर डाळ, अंडी, दूध, मांस अशा सकस आहाराने आधी ताकद भरून काढावी. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरी वस्तरा घेऊन पायाचे केस काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि प्रत्येक जखम जंतूंचे घर होते. गरज असल्यास रुग्णालयात कात्रीच्या यंत्राने केस कापतात.

आता माझी पहिली चूक ऐका. शस्त्रक्रिया माझ्या दिवाळीच्या सुट्टीत उरकावी असा माझा हट्ट होता. अम्मीची दाढ दुखत होती. ती डॉक्टरांना सांगितली तर तारीख पुढे जाईल, सुट्टी संपेल, मग तिच्याजवळ कोण बसणार? म्हणून आम्ही ते बोललोच नाही. अम्मी म्हणाली, “दाढ तर वर्षभर दुखतेच आहे, बेटा.” मीही मान हलवली.

दुसरी दारे रुग्णालयातली. तेथे आपले काम थोडे, पण आहे. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तासाभरात प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते. म्हणून कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे हे आधीच लिहून द्यावे. खाटेजवळ येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो नातेवाईक असो की कर्मचारी, हात धुतलेले असावेत. “डॉक्टरसाहेब, हात धुतलेत का?” असे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने विद्यार्थी-डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा शंभरात अठरापर्यंत गेलेले बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत दोनच्या आसपास आले. तरी त्या काळच्या मोठ्या मोठ्या डॉक्टरांना त्याचा राग आला. आज चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. नम्रपणे विचारावे.

तिसरी दारे घरातली. खरी परीक्षा येथेच होते. पाचव्या दिवशी अम्मी घरी आली. ती पाऊल टाकू लागली याचा आनंद एवढा होता की आमचे घर लग्नघर झाले. आजाऱ्याच्या विचारपुशीला जाणे हे आपल्याकडे पुण्याचे काम. शेजारी आले, मालेगावहून खालाजान आल्या, त्यांच्याबरोबर मुले आली. कोणाला सर्दी होती, कोणाला खोकला. प्रत्येकाच्या हातात मिठाईचा पुडा. अम्मीलाही आग्रह झाला आणि आठवडाभरात साखर चढली. एका आजीबाईंनी पट्टीचा कोपरा उचलून टाके पाहिले आणि हळद लावण्याचा सल्ला दिला. आणखी कोणी पोटरीला तेल चोळून दिले. मी दारात उभा राहून सर्वांना चहा देत होतो. वडीलधाऱ्यांना ‘हात लावू नका’ असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटले. मित्रांनो, वर्गात पन्नास मुलांना गप्प बसवणारा मी, घरात एक वाक्य बोलू शकलो नाही.

म्हणून आपणास सांगतो. विचारपूस जरूर करा, परंतु पहिले दोन-तीन आठवडे दारातून किंवा टेलिफोनवर करा. सर्दी, खोकला, ताप, त्वचेवर गळू असलेल्याने खोलीत जाऊ नये. मिठाई नेऊ नये; न्यायचेच तर अंडी किंवा डाळ-तांदूळ न्यावेत. पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नये. जखमेवर हळद, तेल, मलम, पावडर, राख काहीही लावू नये. हळद स्वयंपाकात गुणकारी असेल, परंतु डब्यातली हळद जंतुरहित नसते. टाके निघून जखम पूर्ण सुकेपर्यंत तिला पाणी लागू देऊ नये, आणि पुढे काही आठवडे तरी विहीर, नदी, हौद यांत पाय बुडवू नयेत. वुजूच्या वेळी पट्टी भिजेल की काय, याची पुष्कळ वृद्धांना चिंता असते आणि संकोचाने ती कोणाजवळ बोलत नाहीत. जखमेवर पाणी न घालता काय करायचे याची सवलत धर्मात आहे. आपल्या मौलानासाहेबांना विचारून घ्यावे आणि रुग्णाचे मन निश्चिंत करावे. चादर, टॉवेल रोज धुतलेले असावेत. रुग्णाचा टॉवेल वेगळा असावा. जो कोणी रुग्णाला उठवतो, बसवतो, त्याने आधी साबणाने हात धुवावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि माझी सर्वांत मोठी चूक.

अकराव्या दिवशी सकाळी अम्मीच्या पट्टीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर स्पष्ट छापले होते की जखमेतून पाणी आल्यास ताबडतोब कळवावे. खाली टेलिफोन नंबर होता. परंतु तपासणीची तारीख चार दिवसांवर होती. मी मनाशी म्हटले, एवढ्याशा डागासाठी कोठे रिक्षा करायची, पुन्हा फी भरायची? मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो, जखम ओली आहे म्हणून सांगितले आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांची एक पट्टी घेऊन आलो. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही दाखवली नाही. दोन दिवसांत डाग थांबला. तपासणीच्या दिवशी जखम कोरडी होती. मी डागाचाही उल्लेख केला नाही, गोळ्यांचाही नाही. उलट आपण किती शहाणपणाने निभावले असे मला वाटले.

तीन आठवड्यांनी गुडघा लाल झाला, ठणकू लागला, ताप आला. सुईने गुडघ्यातले पाणी काढून तपासायला पाठवले, तर त्यात कोणताच जंतू वाढेना. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “मध्ये काही औषध दिले होते का?” मला खरे सांगावे लागले. त्यांनी मला रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे समजावले. अर्धवट औषधाने वरचे जंतू मेले, आतल्या थरातले राहिले. डाग थांबला म्हणजे चोर गेला नव्हता, फक्त दिवा विझवून बसला होता. आणि औषधाच्या अंमलामुळे तपासणीत तो सापडेनाही. पहिल्या दिवशीच आलो असतो तर गुडघा उघडून, धुऊन, मधले प्लॅस्टिक बदलून सांधा वाचवण्याची चांगली आशा होती. पहिल्या काही आठवड्यांतच ही संधी असते. आता ती गेली होती.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. नवा गुडघा काढावा लागला. त्याच्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची ही युक्ती १९७० साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या डॉ. बुखहोल्झ यांनी पुढे आणली. सहा आठवडे औषधे चालली. संसर्ग गेल्याची खात्री झाल्यावर पुन्हा दुसरा गुडघा. एका शस्त्रक्रियेच्या जागी तीन झाल्या, पाच महिने गेले आणि माझ्या मुलीच्या पुढील शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. संसर्ग नेमका कोणत्या दाराने आला, दाढेतून, हातातून की हवेतून, हे कोणालाच सांगता आले नाही. दारे मात्र आम्ही बरीच उघडी ठेवली होती.

यासाठी ही लक्षणे पाठ करा. जखमेतून पाणी, रक्त किंवा पू येणे, पसरत जाणारी लाली, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, थंडी वाजून ताप, दुर्गंधी. नव्या गुडघ्याला थोडी सूज आणि ऊब काही महिने राहते, तिने घाबरू नये. परंतु वरीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी, ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरकडे जावे. दुकानातून गोळी आणू नये. अनेक प्रतिजैविके डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कडक नियम २०१४ पासून आहे, आणि तो आपल्याच भल्यासाठी आहे. आणि ही राखण महिन्याभराची नाही. वर्षांनंतरही दाताचा पू, पायाची जखम किंवा लघवीचा संसर्ग यांतून नव्या सांध्यापर्यंत जंतू पोहोचू शकतात. म्हणून दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरला ‘माझा सांधा बदललेला आहे’ हे सांगावे.

पैशाच्या काळजीने पुन्हा दाखवायला जाण्याचे टाळू नका. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागात चौकशी करावी. लाज बाळगू नये. अकराव्या दिवशीच्या रिक्षाचे भाडे मी वाचवले आणि काय गमावले ते आपण ऐकलेच.

शेवटी एक आनंदाची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी आपल्याच शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीच्या आजीचा गुडघा बदलला. वर्गात मी ही हकीकत सांगितली होती. त्या मुलीने घरी जाऊन दारावर एक पुठ्ठा लावला: ‘आजीला भेटण्यापूर्वी हात धुवा. पट्टीला हात लावू नका. मिठाई नको.’ खाली बादली, तांब्या आणि साबण ठेवला. एका वहीत ती रोज आजीचा ताप, साखर आणि पट्टी कोरडी की ओली हे लिहीत असे. एक मामूजान रागावले म्हणे, तेव्हा ती म्हणाली, “मामूजान, सरांच्या अम्मीला पाच महिने लागले.” मामूजान मुकाट्याने हात धुऊन आत गेले. नवव्या दिवशी पट्टीवर डाग दिसला. तिच्या वडिलांनी त्याच दुपारी डॉक्टरांना दाखवले. तपासणी झाली, डाग साधा निघाला, संसर्ग नव्हता. वडील मला म्हणाले, “सर, फुकट फेरी झाली.” मी त्यांना म्हटले, “अशी फुकट फेरी मला मिळाली असती तर मी आयुष्यभर शुक्रगुजार राहिलो असतो.”

विद्यार्थी मित्रांनो, आपले आईवडील काबाडकष्ट करून आपणास शिकवतात. शिक्षणाचा उपयोग केवळ नोकरी मिळवण्यासाठी नाही. रुग्णालयाचा कागद घरात वाचू शकणारे बहुधा तुम्हीच असता. तो वाचून दाखवा. घड्याळ लावून औषध द्या. वडीलधाऱ्यांना अदबीने, पण ठामपणे हात धुवायला सांगा. ठामपणे बोलणे म्हणजे बेअदबी नव्हे. मी ते उशिरा शिकलो.

आणि पालकहो, घरातल्या शिकलेल्या मुलाने असे काही सांगितले तर ‘तू लहान आहेस’ म्हणून त्याला गप्प करू नका.

आमची अम्मी आज काठी घेऊन चालते. सजदा नाही करता येत, परंतु जिना उतरते. आज ती या सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. मी हा विषय घेऊ का असे तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “जरूर सांग. पण माझे दुखणे सांगशील तर तुझी चूकही सांग, नाहीतर लोक शिकणार काय?” तिच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही सांगितले.